लाडावलेल्या दांडगटाला कथेत माणसात कसे आणावे

वडोदऱ्यात दांडिया बाजारालगतच्या एका घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही काही मराठी लिहिणारी माणसे जमतो आणि एकमेकांच्या कथा मोठ्याने वाचून त्यांची चिरफाड करतो. बालपणावरच्या कथांमध्ये तिथे एक मुलगा पुन्हा पुन्हा भेटतो. तो मोठ्या वाड्यातला, एकुलता एक, आजीच्या पदराखाली वाढलेला असतो. गल्लीतल्या दुबळ्या मुलांना तो छळतो. आणि शेवटच्या पानावर, आई वारल्यावर किंवा स्वतःला अपघात झाल्यावर, ज्याला छळले त्याच्या गळ्यात पडून रडतो. वाचणाऱ्याचा आवाज तिथे हमखास कापरा होतो आणि ऐकणारे हमखास आपापल्या चहाच्या कपात पाहू लागतात.

असा मुलगा कथेत सुधारू शकतो का, याचे माझे उत्तर 'होय' असे आहे. फक्त रडणे हा त्याचा मार्ग नव्हे. लाडावलेल्या मुलाच्या प्रत्येक अपराधाची किंमत त्याच्या घराने त्याच्या वतीने भरलेली असते, आणि ती किंमत जोवर तो स्वतःच्या खिशातून, घराच्या मर्जीविरुद्ध भरू लागत नाही, तोवर वाचक त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. ते कागदावर कसे साधावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी घराचा जमाखर्च

कथा लिहायला बसणाऱ्याने पहिले टिपण मुलाविषयी न करता त्याच्या घराविषयी करावे, आणि तेही कथेत घालण्यासाठी नव्हे तर स्वतःपुरते, जमाखर्चाच्या वहीसारखे करावे. त्याने काच फोडली तर पैसे कोण देते, तो नापास झाला तर मास्तरांकडे मिठाईचा पुडा घेऊन कोण जाते, आणि त्याच्या मारामुळे दुसऱ्याचे नाक फुटले तर 'तुमच्याच मुलाने काढली असेल खोडी' हे वाक्य त्या घरात कोणाच्या तोंडी येते, हे सगळे नावानिशी लिहून काढावे.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. नारदाच्या सांगण्यावरून तो घरी जाऊन विचारतो की माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का, घरची माणसे नाही म्हणतात, त्या नकाराने तो एकटा पडतो आणि तिथून त्याची वाट बदलते. लाडावलेल्या मुलाच्या घरी नेमके याच्या उलट घडत असते. तिथे कोणी न विचारताच सगळे वाटेकरी होतात. थोडे पाप आजी उचलते, थोडे वडील पैशाने उचलतात, थोडे आई डोळेझाक करून उचलते, थोडे नोकरमाणूस निमूटपणे शिव्या खाऊन उचलते, आणि मुलाच्या पानात त्यातला कणही पडत नाही. ज्याच्या हाती पाप राहूच दिलेले नाही, तो पश्चात्ताप कशाचा करणार? म्हणून त्याच्या सुधारणेच्या कथेत पहिली पायरी पापाची मालकी परत मिळवण्याची असते, आणि ती मालकी घर सुखासुखी परत करत नाही. माझ्या मते या प्रकारच्या कथेतला खरा संघर्ष हाच आहे; छळणारा आणि छळला गेलेला यांच्यातला संघर्ष त्यानंतर येतो.

उदाहरण म्हणून मी सध्या जिच्यावर काम करीत आहे ती कथा घेतो. रावपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात, १९७८ च्या जानेवारीत, तो अकरा वर्षांचा आहे. घराणे सरदारी, सरदारी गेली, वाडा उरला, आणि मागच्या चौकातल्या खोल्या भाड्याने दिल्या गेल्या. शाळेच्या पटावरचे त्याचे नाव मी वाचकाला सांगतच नाही, कारण घरात त्याला सर्वजण 'बाळराजे' म्हणतात आणि गल्लीकडूनही त्याने तेच म्हणवून घेतले आहे. मागच्या एका खोलीत माधव राहतो. त्याचे वडील खंडेराव मार्केटजवळच्या एका दुकानात हिशेब लिहितात, आणि मालकांच्या नातवाला 'अहो' म्हणायचे, असे माधवच्या आईने त्याला, दोघे एकाच इयत्तेत असूनही, शिकवून ठेवले आहे.

बाळराजांच्या घराचा जमाखर्च मांडताना मला एक गोष्ट सापडली, ती पहिल्या मसुद्यात नव्हती: अकराव्या वर्षीही त्यांच्या बुटांच्या नाड्या कमळाबेन बांधते. कमळाबेन ही वाड्यातली जुनी कामवाली, जिन्याखालच्या खोलीत राहणारी. नाड्यांचे वाक्य येण्याआधी बाळराजे नुसते दुष्ट वाटत होते. ते आल्यावर कळले की या मुलाला जसे काही करावे लागत नाही तसे काही करताही येत नाही. दया आणावी असा हेतू तिथे नव्हता आणि तसा सूरही लागू देऊ नये, पण लाडाने मुलाचे काय काय काढून घेतले हे दाखवल्याशिवाय पुढे त्याला काय मिळवायचे आहे हे दाखवता येत नाही.

अपराध एकच, पण पुरता

'तो सर्वांना छळत असे' हे वाक्य लिहू नये. 'असे'ने संपणाऱ्या क्रियापदांत अपराध पातळ होतो, आणि पातळ अपराधाचे प्रायश्चित्तही पातळच होते. एक दिवस, एक जागा आणि एक अन्याय निवडावा आणि तो पानभर लिहावा.

जागा निवडतानाही थोडा विचार करावा. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हापासून बडोद्याच्या शाळेत सरदाराचा आणि कारकुनाचा मुलगा एका बाकावर बसण्याची सोय झाली; आणि त्यामुळेच शाळा ही मला दांडगाईसाठी दुय्यम जागा वाटते. शाळेत निदान मास्तर असतो आणि बाक सारखा असतो. माझ्या कथेसाठी मी गच्ची निवडली, कारण गच्ची ही मालकाची असते.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवण्याच्या सणाच्या, आधी आमच्याकडे रस्त्याकडेला खांबांना दोरा ताणून त्याला काचेच्या भुकटीची गुलाबी लुगदी चढवणारे कारागीर दिसू लागतात. आजीसाहेबांनी नातवासाठी पाच हजार वारांची, दोरा गुंडाळलेली फिरकी रंगवून आणवली आहे. (नाशिक-येवल्याकडे जिला आसारी म्हणतात तिला आम्ही गुजरातेतले मराठी लोक फिरकीच म्हणतो, आणि कथा इथली असेल तर फिरकीच लिहावे.) १४ जानेवारीला सकाळी सातपासून माधव ती धरून उभा आहे. ज्याने कधी दिवसभर फिरकी धरली असेल त्याला ठाऊक असते की उडवणाऱ्याची नजर आकाशात असते आणि धरणाऱ्याची उडवणाऱ्याच्या पाठीवर. ढील देताना दांड्या तळव्यांत मोकळ्या फिरू द्यायच्या, खेचताना पायाशी पडलेला दोरा गुंता न होऊ देता गुंडाळायचा, आणि 'काप्यो छे'ची आरोळी मात्र दुसऱ्याने मारायची. पतंगांना किन्ना (दोरा जोडण्याची गाठ) माधवच बांधतो, फाटलेल्यांना गुंदरपट्टीही (डिंकाची चिकटपट्टी) तोच लावतो. दुपारी तो एकदाच विचारतो.

"बाळराजे, थोडा वेळ पतंग मला देता? नुसता धरून बघतो."

"फिरकी तुझ्या बाबांनी आणलीय का?"

एवढ्यावर मी थांबलो असतो तर कथा शेरेबाजीची झाली असती. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, बाळराजे शेजारच्या गच्चीवर पैज लावतात आणि ती अख्खी फिरकी हरतात. घरी विचारणा होते तेव्हा ते म्हणतात, 'माधवने नेली.' आजीसाहेब आवाज चढवत नाहीत. संध्याकाळी माधवच्या वडिलांना बोलावून त्या एवढेच सांगतात की महिनाअखेर खोली आम्हाला लागणार आहे.

मुलाने दोन शब्दांचे खोटे बोलावे आणि घराने त्याचे एका कुटुंबाच्या विस्थापनात रूपांतर करावे, हे प्रमाण मला हवे होते. अपराधाचे वजन ठरवताना बहुतेकांची चूक होते ती जास्तीच्या बाजूला होते. विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे खरे, पण म्हणून आमच्यातल्या एका लेखकाने आपल्या दांडगटाकडून कुत्र्याचे पिल्लू पुलावरून मगरीपुढे टाकवले, आणि नंतर उरलेल्या बारा पानांत त्याला सज्जन करण्याची धडपड केली. पिल्लाच्या त्या पानानंतर आमच्यापैकी कोणीही काहीही ऐकत नव्हते.

कोण कशाला 'खोडी' म्हणतो

लेखक मनातून कोणाच्या बाजूला आहे हे शब्द सांगून टाकतात. महाभारताच्या आदिपर्वात लहानपणीचा भीम कौरवांतल्या दहा-दहा मुलांना कवेत धरून पाण्यात बुडी मारतो आणि ती अर्धमेली झाल्यावर सोडतो. ती फळे काढायला झाडावर चढली की लाथेने झाड हलवून त्यांना फळांसकट खाली पाडतो. व्यास लगेच सांगतात की हे तो द्रोहबुद्धीने नव्हे, पोरवयामुळे करी. असेलही, पण बुडणाऱ्या मुलाच्या नाकातोंडात जाणारे पाणी हेतू पाहून जात नाही. त्यानंतर दुर्योधन भीमाला विष घालतो आणि आपण सर्वजण निःशंकपणे ठरवतो की दुष्ट कोण. भीमाला दोषी ठरवण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा असा की आपल्या आवडत्या पात्राच्या दांडगाईला आपण 'खोड्या' म्हणतो, आणि सुधारणेची कथा लिहिणारा लेखक आपल्या दांडगटावर हळूहळू प्रेम करू लागलेला असल्याने हा शब्द त्याच्या हातून नकळत सुटतो. मसुदा पुरा झाल्यावर 'खोडकर', 'व्रात्य', 'अवखळ' हे शब्द शोधून काढावेत आणि ते कोणाच्या तोंडी आहेत ते पाहावे. आजीसाहेबांच्या तोंडी असतील तर राहू द्यावेत. निवेदकाच्या तोंडी असतील तर खोडावेत.

दुसरी फसवणूक याहून जुनी आहे. सगर राजाचा मुलगा असमंज हा आपल्या परंपरेतला बहुधा सर्वांत भीषण लाडावलेला राजपुत्र. रामायणाच्या बालकांडात तो नगरातली मुले शरयूत फेकतो आणि ती बुडताना पाहून हसतो. शेवटी बाप त्याला नगराबाहेर घालवतो. त्याच्या सुधारणेविषयी वाल्मीकी काही सांगत नाही. भागवताच्या नवव्या स्कंधात मात्र खुलासा येतो की तो पूर्वजन्मीचा योगी होता, लोकांचा संग सुटावा म्हणून तो मुद्दाम असा वागत होता, आणि जाताना त्याने योगबळाने ती सगळी मुले परत आणून दाखवली. पुराणाच्या चौकटीत हे शोभते. आपल्या कथेत मात्र शेवटी मुलगा 'आतून चांगलाच होता' असे उघड करणे म्हणजे झालेला अपराध मागच्या तारखेने रद्द करणे आहे. बुडालेली मुले बुडालेलीच राहिली पाहिजेत. त्यांना वर काढले की असमंजाला सुधारण्यासारखे काही उरत नाही.

कशाने फिरतो

वळणाचे कारण शोधताना तीन मार्ग मी आता वर्ज्य मानतो. घरातल्या प्रेमळ माणसाचा मृत्यू हा पहिला, कारण शोकाने माणूस हळवा होतो, न्यायी होतोच असे नाही. चांगल्या मुलीचे प्रेम हा दुसरा. त्यात एका मुलीला विनाकारण धोबीघाट चालवावा लागतो. तिसरा मार्ग 'जशास तसे'चा, म्हणजे मोठ्या दांडगटाकडून मार खाऊन उपरती होण्याचा. मार खाल्लेला दांडगट सावध होतो, आणि पुढच्या वेळी मारण्याआधी समोरच्याची उंची पाहतो.

कारण लहान असावे, डोळ्यांना दिसेल असे असावे आणि घराच्या आवरणाला भोक पाडणारे असावे. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतला डडली या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. १९९७ च्या पहिल्या पुस्तकात तो वाढदिवसाच्या भेटी मोजतो, त्या ३६ भरतात, आणि गेल्या वर्षीपेक्षा दोन कमी म्हणून तो बिथरतो. २००३ च्या पाचव्या पुस्तकात, ज्याला त्याने जन्मभर छळले त्या मावसभावामुळे, हॅरीमुळे, त्याचा जीव वाचतो. सहाव्यात एक वृद्ध गुरू त्याच्या आईबापांना तोंडावर सांगतो की या मुलाचे तुम्हीच केवढे नुकसान केले आहे. आणि २००७ च्या सातव्यात त्याची सगळी सुधारणा म्हणजे खोलीच्या दाराबाहेर न बोलता ठेवलेला चहाचा एक कप, ज्यावर हॅरी चुकून पाय देतो आणि जो त्याला आधी खोडसाळ सापळा वाटतो. दोन अवघडलेली वाक्ये. आणि एक हस्तांदोलन. दहा वर्षांत पसरलेल्या सात जाडजूड पुस्तकांत लेखिकेने त्याला एवढेच दिले, आणि तेवढेच पुरले, कारण ते देताना त्याला आईबापांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या मताविरुद्ध जावे लागते.

बाळराजांसाठी मला हे कारण जमाखर्चाच्या वहीतच सापडले. १९९३ साली वाडा विकायला काढलेला आहे आणि सव्वीस वर्षांचे बाळराजे जुनी कागदपत्रे वेगळी करीत बसले आहेत. भाड्याच्या वहीत दिवाणजींच्या वळणदार अक्षरात नोंद आहे: 'मागील खोली रिकामी, ता. ३१ जानेवारी. अनामत परत, पैकी फिरकीचे रु. ४२ वळते.' फिरकीचे पैसेही त्या हिशेबनीसाच्या अनामतीतून कापून घेतले गेले होते, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हते. स्वतःचे खोटे असे शाईत आणि आकड्यात समोर आलेले पाहणे, याहून मोठा प्रसंग मी तिथे घातलेला नाही. डोळ्यांत पाणी तर मुळीच नाही. ते वही मिटतात, पुन्हा उघडतात आणि ४२ हा आकडा बरोबर आहे का ते पाहण्यासाठी वरची बेरीज करून बघतात.

कबुली कोणापुढे आणि केव्हा

बहुतेक कथांत कबुली आजीच्या तसबिरीपुढे दिली जाते. तसबिरीपुढच्या कबुलीला दमडीही लागत नाही. ज्या माणसाच्या लेखी आपण निर्दोष आहोत, त्या माणसाच्या हयातीत आणि त्याच्यासमोरच ती दिली गेली पाहिजे, म्हणून माझ्या कथेत मी आजीसाहेबांना प्रयत्नपूर्वक जिवंत ठेवले आहे. त्या अडकित्त्याने सुपारी कातरीत बसल्या आहेत.

"आजीसाहेब, ती फिरकी माधवने नेली नव्हती. मी पैजेत हरलो होतो."

"कोण माधव?"

"मागच्या खोलीतला. तुम्ही त्यांना खोली सोडायला लावलीत."

"ते होय. किती वर्षं झाली त्याला! लहान होता तुम्ही." अडकित्ता थांबलेला नाही. "आणि खोली आपल्याला हवीच होती."

"नको होती. पुढे दोन वर्षं ती बंद पडून होती."

"बाळराजे, जेवून घ्या. पानं घेतलीत."

या प्रसंगाचे पाच मसुदे झाले. एकात आजीसाहेबांनी त्यांना थोबाडीत मारली होती, आणि वाचताना लक्षात आले की त्या थोबाडीने बाळराजांची सुटका होते. शिक्षा झाली, हिशेब मिटला. 'जेवून घ्या' या शब्दांत ते घर त्यांचे पाप पुन्हा एकदा, शेवटचे, आपल्या ताटात ओढून घेऊ पाहते. आता ते जेवायला बसतात की उठून जातात यावर पुढची सगळी कथा उभी आहे, आणि लेखकाने पात्राला इथे भाषण देण्याचा मोह आवरावा. ते उठतात, एवढे पुरे.

संतवाङ्मयात अनुताप हेच प्रायश्चित्त मानलेले आहे, आणि ईश्वरापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत ते खरेही असेल. कथेत मात्र ईश्वराच्या जागी माधव बसलेला असतो.

माधवची बाजू

दांडगटाला सुधारण्याच्या भरात ज्याला छळले त्याला लेखक विसरतो, आणि शेवटी तो माफी देण्यापुरता रंगमंचावर बोलावला जातो. हे दुसऱ्यांदा फिरकी धरायला लावण्यासारखे आहे. म्हणून भेटीचा प्रसंग लिहिण्याआधी माधवचा एक अख्खा दिवस लिहून काढावा, त्यात बाळराजांचे नावही येऊ देऊ नये. माझा माधव प्रतापनगरकडे राहतो, शाळेत गणित शिकवतो, त्याला सहा वर्षांची मुलगी आहे आणि स्कूटर सकाळी चालू होत नाही ही त्याची त्या दिवसाची खरी चिंता आहे.

बाळराजे जातात तेव्हा त्यांना पाणी दिले जाते आणि चहाचे विचारले जात नाही. मराठी वाचकाला याहून अधिक सांगावे लागत नाही. ते पाकीट पुढे करतात, त्यात ४२ रुपये आणि वर पंधरा वर्षांचे व्याज आहे. माधव पाकीट उघडत नाही.

"पैसे बाबांचे होते. ते गेले चार वर्षांपूर्वी."

"मी आधी यायला हवं होतं."

"बाबांनी मला कधी विचारलं नाही, तू घेतलीस का म्हणून. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो."

थोड्या वेळाने बाळराजे म्हणतात, "मला अरे-तुरे कर. आपण एका वर्गात होतो."

"नको. अहोच बरं आहे."

ज्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे आहेत तिच्यात लिहिणाऱ्याला हे हत्यार फुकट मिळालेले आहे आणि ते वापरले नाही तर हळहळ वाटावी. अकराव्या वर्षी 'अहो' हे माधववर लादलेले होते. आता तेच त्याचे कुंपण आहे, आणि ते उघडायचे की नाही हे तो ठरवतो. क्षमा द्यायची की नाही हेही तोच ठरवील. लेखकाने त्याच्या वतीने ती देऊन टाकू नये, तशीच ती कायमची नाकारूनही टाकू नये.

क्षमा मिळाली नाही तर सुधारणा झाली हे वाचकाला कळणार कसे, असा प्रश्न आमच्या बैठकीत नेहमी निघतो. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातल्या सुत्तात, आधी माणसे मारणारा दरोडेखोर असलेला अंगुलिमाल भिक्षू झाल्यानंतरही भिक्षेला गेला की लोकांची ढेकळे, काठ्या आणि खापऱ्या त्याला लागतात. डोके फुटलेले, पात्र मोडलेले आणि चीवर फाटलेले असा तो परत येतो. बुद्ध लोकांना थांबवायला जात नाहीत. ते अंगुलिमालालाच सहन कर म्हणून सांगतात. तो पुन्हा शस्त्र उचलत नाही, यावरून वाचकाला तो बदलल्याचे कळते. बाळराजांच्या कथेत खापऱ्या नाहीत, पण न विचारलेला चहा आहे, आणि तो पचवून ते काय करतात हे पाहायचे आहे. वाडा विकल्यावर जिन्याखालची खोलीही जाणार होती. खरेदीखतात कमळाबेनच्या हयातीपर्यंत ती खोली राखून ठेवण्याची अट ते घालतात आणि त्यापायी किंमत कमी घेतात. माधवला हे कधीच कळत नाही. निवेदकही ते मुख्य वाक्यात सांगत नाही. वकिलाकडे जाताना पाऊस लागला हे सांगणाऱ्या वाक्याच्या पोटात ते येऊन जाते. चांगले कृत्य जितके मोठ्या वाक्यात सांगावे तितके ते देणगीच्या पाटीसारखे दिसू लागते.

हसणारे

एक घटक बहुतेकांकडून राहून जातो. दांडगटाभोवती तीन-चार मुले असतात जी मारत नाहीत, मार खात नाहीत, नुसती हसतात. मी शाळेत त्यांच्यापैकी होतो. आमच्या वर्गात एका मुलाचा डबा रोज उघडून त्यातल्या भाजीचा वास घेण्याचा कार्यक्रम होई, आणि त्या मुलाचा चेहरा मला आज आठवत नाही, माझे हसणे मात्र आठवते. अशा एखाद्याला कथेत जागा द्यावी, कारण दांडगट सुधारल्यावर सर्वांत अडचण त्याची होते. शेजारच्या गच्चीवर पैज जिंकलेला मुलगा मी असाच ठेवला आहे. फिरकी कुठे गेली हे त्याला पंधरा वर्षे ठाऊक आहे, आणि बाळराजे त्याला विचारायला जातात तेव्हा तो म्हणतो, 'जाऊ दे ना यार, पोरवय होतं.'

शेवटाविषयी एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या मसुद्यात पुढच्या उत्तरायणाला माधवची मुलगी गच्चीवर पतंग उडवते आणि तिची फिरकी बाळराजे धरून उभे राहतात. वाचून झाल्यावर बैठकीत चक्क टाळ्या पडल्या. कोपऱ्यात बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मात्र विचारले, "त्या पोरीला कोणी विचारलं का, हा माणूस तिला गच्चीवर हवाय का म्हणून?" मला उत्तर सुचले नाही. तो प्रसंग मी काढून टाकला. आता ती मुलगी पाण्याचा रिकामा पेला उचलून आत नेते, मग कोनाड्यातली फिरकी घेऊन वर पळते, आणि बाळराजे दारात बसून बुटांच्या नाड्या बांधू लागतात.